म्युटोस्कोपचं चित्र उड्या मारतं, थरथरतं: दोष नेमका कुठे शोधायचा?

हाताने फिरवायचा म्युटोस्कोप, म्हणजे रिळावरची कार्डं एकामागून एक पाडून हलतं चित्र दाखवणारं यंत्र, घरी किंवा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी बनवणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. रीळ फिरतं, कार्डं पडतात, पण चित्रातला माणूस नीट चालत नाही. मध्येच चार पावलं पुढे उडी मारतो, नाहीतर जागच्या जागी थरथरतो. मग हँडल आवळलं जातं, बेअरिंग बदललं जातं, तेल सोडलं जातं. थोडे दिवस बरं चालतं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

पुन्हापुन्हा उद्भवणाऱ्या या दुखण्याचं मूळ लोखंडात क्वचितच असतं, ते कागदात असतं. म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी एक खडू घ्या. रिळाच्या कडेवर एक खूण करा, हँडलवर दुसरी. आता सावकाश फिरवत बसा आणि उडी कधी येते तेवढंच पाहा. रिळाच्या प्रत्येक फेऱ्याला त्याच जागी येते का? हँडलच्या प्रत्येक फेऱ्याला येते का? की तिला काही ठरावीक जागाच नाही? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की शोधायची जागा ठरते. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि चित्र सुधारलं, तर कशाने सुधारलं हे कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडावं लागतं.

यंत्र चालतं कसं, हे आधी

हर्मन कॅस्लर या अमेरिकी यंत्रज्ञाने म्युटोस्कोपच्या पेटंटसाठी नोव्हेंबर १८९४ मध्ये अर्ज केला आणि वर्षभराने, नोव्हेंबर १८९५ मध्ये, ते त्याला मिळालं. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकन म्युटोस्कोप कंपनी उभी राहिली. तिच्या संस्थापकांत एडिसनकडे काम केलेला डब्ल्यू. के. एल. डिक्सन होता, म्हणजे एडिसनच्या किनेटोस्कोपची अंडीपिल्ली माहीत असलेला माणूस. किनेटोस्कोपमध्ये विजेच्या मोटरवर फिल्म न थांबता धावते आणि एका फिरत्या तबकडीच्या अरुंद फटीतून प्रत्येक चित्र क्षणभर दिसतं. कॅस्लरने मोटर, फिल्म, फट हे सगळंच बाजूला ठेवलं. त्याच्या यंत्रात कागदी छायाचित्रं एका तुंब्यावर, म्हणजे मधल्या नळकांड्यावर, आऱ्यांसारखी उभी बसवलेली असतात आणि बघणाराच हँडल फिरवतो. एका रिळात साधारण ८५० कार्डं असत, रिळाचा व्यास २५ सेंटीमीटरच्या आसपास आणि एकेक कार्ड साधारण ७ × ४.७५ सेंटीमीटरचं. पाहायला लागणारा वेळ सुमारे एक मिनिट.

रिळाच्या वर एक छोटी स्थिर जीभ असते. फिरत आलेलं कार्ड वरच्या कडेने तिला अडतं. तुंबा पुढे सरकत राहतो, कार्डाचं बूड त्याच्याबरोबर जातं, पण डोकं अडकलेलं असल्यामुळे कार्ड वाकत जातं. वाक पुरेसा झाला की कड जिभेखालून सटकते, कार्ड झटक्यात सरळ होतं आणि मागचं कार्ड समोर येतं. या यंत्राला पडदा नाही, झडप नाही. तो झटकाच झडपेचं काम करतो. दोन झटक्यांच्या मध्ये चित्र जवळजवळ स्थिर असतं, म्हणून डोळ्याला ते स्वच्छ दिसतं.

ही गोष्ट मनात पक्की ठेवा: प्रत्येक कार्ड सारख्याच वाकाला सुटलं पाहिजे. एक कार्ड लवकर सुटलं की उडी, दोन एकदम सुटली की मोठी उडी, उशिरा सुटलं की अडखळ. कार्ड कधी सुटणार हे ठरतं त्याच्या कडकपणावर, लांबीवर, कडेच्या गुळगुळीतपणावर आणि त्यातल्या ओलाव्यावर. म्हणजे पुन्हा कागदच.

रिळाच्या प्रत्येक फेऱ्याला, त्याच जागी उडी

हा सगळ्यांत सोपा प्रकार, कारण गुन्हेगार जागेवरच सापडतो. खुणेपाशी रीळ थांबवा आणि त्या भागातली कार्डं अंगठ्याने एकेक करून सोडा.

रीळ तुम्ही पुस्तकासारखं बांधून तुंब्याभोवती गुंडाळलं असेल, तर आधी सांधा पाहा. आपल्याकडे ही पद्धत उत्तम जमते: कार्डांचा गठ्ठा बुकबाइंडरकडे न्यायचा, बुडाला कापडी पट्टी चिकटवून घ्यायची आणि तो लवचीक कणा लाकडी तुंब्यावर गुंडाळायचा. पण पहिलं आणि शेवटचं कार्ड जिथे भेटतात तिथे फट राहिली, तर दर फेऱ्याला तिथे धक्का बसणारच. फट भरायला कोरी कार्डं घाला, तुंबा बारीक करू नका. एक-दोन कोऱ्या कार्डांवर शीर्षक लिहिलं तर ती फट गोष्टीची सुरुवात म्हणूनही शोभते.

सांधा ठीक असेल तर मुडपलेलं कार्ड शोधा. लहान मुलं हँडल उलटं फिरवतात, कार्डं विरुद्ध बाजूला वाकतात आणि एखाद्याला घडी पडते. घडी पडलेलं कार्ड मेलंच समजा. इस्त्री, वजन, पाणी, कशानेही त्याचा पूर्वीचा ताण परत येत नाही. ते काढून दुसरं लावा. यासाठी छापतानाच प्रत्येक चित्राच्या दोन प्रती काढून ठेवाव्यात. आणि उलट्या फिरवण्यावर कायमचा उपाय हवा असेल तर दांड्यावर एक रॅचेट बसवा, सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतं त्या धर्तीचं.

घडीही नाही, सांधाही ठीक, तरी सलग पाच-दहा कार्डांचा पट्टा लवकर सुटतो? मग कागदाचा ग्रेन तपासा. याकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि माझ्या मते दुरुस्त न होणाऱ्या बहुतेक म्युटोस्कोपांचं मूळ दुखणं हेच आहे. कारखान्यात कागद बनताना तंतू एका दिशेने लागतात, ती दिशा म्हणजे ग्रेन. त्या दिशेला आडवा वाकवला तर कागद कडक लागतो, तिच्या समांतर वाकवला तर ढिला. मोठ्या शीटमध्ये कार्डं बसवताना कागद वाचावा म्हणून काही उभी, काही आडवी लावली जातात. छपाईत फरक दिसत नाही, कटिंगमध्ये दिसत नाही, पण रिळावर चढल्यावर अर्धी कार्डं कडक आणि अर्धी लुळी निघतात. जीभ कितीही वर-खाली करा, दोन्ही जातींना एकच जागा मानवत नाही.

ग्रेन ओळखायला कागदाच्या कोपऱ्यातून एक चौकोन कापा, एका बाजूने किंचित ओला करा. तो ज्या अक्षाभोवती पन्हाळीसारखा वळेल, ती ग्रेनची दिशा. म्युटोस्कोपच्या कार्डात ग्रेन बुडापासून टोकाकडे, म्हणजे उभा हवा. मग कार्डाला चांगली स्प्रिंग येते. दुसरा फायदा पावसाळ्यात कळतो. हवेतल्या ओलाव्याने कार्ड वळलं तरी डावी-उजवीकडे वळतं, टोक पुढे-मागे जात नाही, त्यामुळे सुटण्याची वेळ फारशी बिघडत नाही. प्रेसवाल्याला ऑर्डर देतानाच सांगा की सगळी कार्डं एकाच दिशेने लावायची, चार शीट जास्त गेले तरी चालतील.

हँडलच्या प्रत्येक फेऱ्याला धक्का

इथे मात्र यंत्राकडे पाहावं लागतं, पण बेअरिंगकडे नाही, हिशेबाकडे.

समजा तुमच्या रिळात ३०० कार्डं आहेत आणि हालचाल सलग दिसावी म्हणून सेकंदाला १५ पडायला हवीत. म्हणजे रिळाला एक फेरा पूर्ण करायला २० सेकंद लागणार. हँडल थेट दांड्यावर बसवलं असेल तर हातालाही २० सेकंदांत एकच फेरा घ्यावा लागेल. इतकं सावकाश आणि एकसारखं कुणाचाही हात फिरत नाही. हात थांबतो, ढकलतो, पुन्हा थांबतो. प्रत्येक ढकलण्याला दहा-बारा कार्डं सपकन पडतात. बघणाऱ्याला वाटतं कार्डांत दोष आहे.

मध्ये वर्म गिअर घाला, म्हणजे स्क्रूसारख्या दांड्याने (वर्मने) दात्यांचं चाक सावकाश फिरवणारी जोडी, २०:१ चा. मग हँडल सेकंदाला एक फेरा फिरतं, जो वेग मनगटाला सहज जमतो, आणि प्रत्येक फेऱ्याला १५ कार्डं पडतात. वर्मचा आणखी एक गुण असा की हात सोडला तरी वाकलेल्या कार्डांच्या ताणाने रीळ सहसा मागे ढकललं जात नाही. ८५० कार्डांच्या मूळ यंत्राचाही हिशेब करून पाहा: सेकंदाला १६ धरली तर रिळाचा एक फेरा ५३ सेकंदांचा होतो. असा फेरा थेट हाताने घेणं कुणालाच शक्य नाही, गती कमी करणारी चाकं तिथे हवीतच.

गिअर असूनही हँडलच्या फेऱ्याला धक्का येत असेल तर वर्म दांड्यावर तिरका बसलाय किंवा त्याचा सेट स्क्रू ढिला आहे. तो आवळा. इथे यापेक्षा जास्त काही नसतं.

उडीला ठरावीक जागाच नाही

आज इथे, उद्या तिथे, सकाळी नाही पण संध्याकाळी आहे. कार्डं गठ्ठ्याने पडतात, तीन-चार एकत्र. मुंबईत, कोकणात, गोव्यात जून लागला की ही तक्रार वाढते, आणि त्यात नवल नाही. कागद ओलावा ओढतो, फुगतो, कार्डं एकमेकांना धरून बसतात. इंकजेटवर चकचकीत फोटोपेपर वापरला असेल तर शाईचा थर दमट हवेत चिकट होतो आणि वेगळंच संकट उभं राहतं.

लॅमिनेशन हा यावरचा उपाय नाही, हे कळकळीने सांगतो. प्लास्टिक चढवलं की ओलावा थांबतो खरा, पण कोरड्या दिवसांत घर्षणाने कार्डांत स्थिर वीज भरते आणि ती पुन्हा एकमेकांना ओढतात. शिवाय जाडी वाढते, तुंब्यावर जागा पुरत नाही. लेझरवर मॅट आर्टकार्ड छापणं सगळ्यांत बरं. साधारण २५० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), जाडी पाव मिलीमीटरच्या आसपास.

कार्डं बुडाशी घट्ट चिकटून असतील तर टोकंही चिकटतात. म्हणून बांधताना दोन कार्डांच्या मध्ये बुडाला त्याच कागदाची एक अरुंद पट्टी घालावी. हिशेब असा: कार्ड पाव मिलीमीटर, पट्टी पाव मिलीमीटर, मिळून अर्धा. ३०० कार्डांना १५० मिलीमीटर परिघ, म्हणजे तुंब्याचा व्यास ४८ मिलीमीटरच्या जवळपास. ७० मिलीमीटर उंचीच्या कार्डांची टोकं मग एकमेकांपासून जवळजवळ २ मिलीमीटर दूर राहतात आणि हवा खेळते. मूळ रिळाचं मापही असंच काहीसं निघतं. कार्डाची ७ सेंटीमीटरची बाजू उभी धरली आणि २५ सेंटीमीटर व्यासातून ती दोन्हीकडून वजा केली, तर आतला तुंबा ११ सेंटीमीटरचा, परिघ सुमारे ३४५ मिलीमीटर, त्यात ८५० कार्डं. प्रत्येकी ०.४ मिलीमीटर.

पट्ट्या घातल्या आहेत, तरी गठ्ठे पडतात? कड पाहा. बोथट ब्लेडच्या कटिंगने कार्डाच्या एका अंगाला बारीक ओठ उमटतो, तो हाताला लागतो, आणि एकाचा ओठ दुसऱ्यात अडकतो. बारीक पॉलिश पेपर गठ्ठ्याच्या कडेवर हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा. नंतर मऊ ब्रशने धूळ झटका. घरी छापलेल्या कार्डांच्या कडेला टाल्कम पावडरचा अगदी पुसटसा हात दिला तरी चालतो. पावसाळ्यात वापर नसेल तेव्हा रीळ झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. उन्हात वाळवू नका, कार्डं कमानीसारखी वाकतात.

सतत थरथर

उडी नाही, पण चित्र अखंड कापतं. यावेळी चित्राची चौकट पाहा, माणूस नको. चौकट स्थिर आणि आतला माणूस थरथरतो, तर दोष चित्रीकरणात किंवा रेखाटनात आहे; मोबाइल स्टँडवर नव्हता, किंवा चित्रं काढताना प्रत्येक कागद खिळ्यांवर अडकवून एकाच जागी धरला नव्हता. चौकटीसकट सगळं थरथरतं, तर दोष कटिंगचा किंवा बांधणीचा.

कटिंगला गठ्ठा देताना कागद सरकतात, प्रत्येक कार्डावर चित्र अर्धा-एक मिलीमीटर इकडेतिकडे होतं. भिंगातून पाहताना एवढा फरकही डोळ्यांत खुपतो. उपाय जुना आहे आणि प्रेसमधले कारागीर तो रोज करतात: दोन कडा ठरवायच्या, गठ्ठा त्याच दोन कडांवर ठोकून सरळ करायचा आणि मापं तिथूनच घ्यायची. छापताना त्या कोपऱ्यात एक बारीक काळी खूण ठेवा. बांधण्याआधी गठ्ठा उभा धरून कडेने पाहिला की खुणांची एक सरळ रेघ दिसली पाहिजे. रेघ वाकडी असेल तिथलं कार्ड बाहेर काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळून केलेला म्युटोस्कोप चांगला दिसलेला मी पाहिलेला नाही.

चित्र स्थिर नाही, वर-खाली ओघळतं

मोजकी कार्डं, बहुधा २४, घालून केलेल्या यंत्रांत हे हमखास होतं. ४८ मिलीमीटरच्या तुंब्यावर ३०० कार्डं असतील तर एक कार्ड समोर असताना त्याचं बूड फक्त अर्धा मिलीमीटर सरकतं. २४ असतील तर सहा मिलीमीटरहून जास्त. टोक जिभेने धरलेलं, बूड धावतंय, म्हणजे चित्र डोळ्यांदेखत ताणलं-वाकलं जातंय. जीभ कितीही नेमकी बसवली तरी हे थांबत नाही. तेच चित्रचक्र पुन्हापुन्हा छापून कार्डांची संख्या वाढवा. २४ चित्रांचं चालणं बारा वेळा छापलं की २८८ कार्डं होतात आणि चालणाराही अखंड चालत राहतो.

कार्डं पुरेशी असूनही ओघळ असेल तर जिभेची पकड जास्त आहे. कार्डाच्या कडेवर ती दोन-तीन मिलीमीटर चढलेली असावी. तिथून सुरुवात करा आणि कमी-कमी करत जा, प्रत्येक कार्ड एकटं आणि टचकन सुटेपर्यंत. जीभ पितळी पट्टीची, पुढची कड गोल घासलेली. उघडी तार वापरली तर काही दिवसांत सगळ्या कार्डांच्या कडा ती खाऊन टाकते, आणि मग दर महिन्याला जीभ खाली करत राहावं लागतं.

तुमचं यंत्र म्युटोस्कोप नसेल तर

पुष्कळजण फटींच्या फिरत्या डब्याची, म्हणजे झोट्रोपची, तक्रार घेऊन हेच उपाय करायला जातात. त्याचं शास्त्र वेगळं. १८३४ साली इंग्लंडच्या विल्यम जॉर्ज हॉर्नरने त्याची कल्पना मांडली. तिथे चित्र कधीच थांबत नाही, फटीमुळे थांबल्यासारखं भासतं. चित्र पुसट असेल तर फट अरुंद करा आणि डब्याच्या आत उजेड वाढवा. माणसं सडपातळ दिसतात ती तुमच्या रेखाटनाची चूक नव्हे: जवळच्या फटी आणि पलीकडची चित्रं विरुद्ध दिशांना सरकतात, त्यामुळे रुंदी आक्रसते. म्हणून मुळातच जरा रुंद काढायची. सगळी रांग हळूहळू एका बाजूला वाहत असेल तर चित्रं आणि फटी यांची संख्या सारखी नाही. आरशांच्या प्रॅक्सिनोस्कोपमध्ये, जो फ्रान्सच्या एमिल रेनोने १८७७ मध्ये केला, आतल्या आरशांच्या नळकांड्याचा व्यास बाहेरच्या चित्रपट्टीच्या व्यासाच्या निम्मा हवा. तेव्हाच प्रतिबिंब बरोबर आसावर पडतं आणि जागेवर राहतं.

जुनं, अस्सल रीळ हाती आलं असेल तर

वरचं सगळं नव्याने छापलेल्या कार्डांसाठी आहे. जुन्या बाजारात, लिलावात किंवा परदेशातल्या नातेवाइकांकडून खरं म्युटोस्कोपचं किंवा किनोराचं रीळ आलं, तर यातलं काहीही करू नका. किनोरा म्हणजे त्याचाच घरगुती, लहान अवतार. ल्युमिएर बंधूंनी १८९६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि पुढे इंग्लंडमध्ये तो घराघरांत विकला गेला. १९१४ मध्ये किनोराच्या लंडनमधल्या कारखान्याला आग लागली आणि तो धंदा पुन्हा उभा राहिला नाही. तेव्हा हाती आलेलं प्रत्येक रीळ जपण्याजोगं आहे.

ही कार्डं म्हणजे खरी छायाचित्रं आहेत, कागदावर जिलेटिनचा थर असलेली. पावडर त्या थरात बसते ती निघत नाही, पॉलिश पेपरने कड कायमची जाते, ओल्या फडक्याने थर फुगून मऊ, चिकट होतो. रीळ अडकत असेल तर फिरवायचा हट्ट धरू नका, एक कोरडं कार्ड जिभेखाली तुटलं की त्याच्यामागची दोन-चार त्याच्यासोबत जातात. जीभ वर उचलून रीळ मोकळं करा. मग सुती हातमोजे घालून कार्डं हळूच एकेक उघडा, वरून स्टँडवर लावलेल्या कॅमेऱ्याने प्रत्येकाचा फोटो घ्या, उजेड आणि अंतर शेवटपर्यंत न बदलता. ८५० फोटो काढायला वेळ लागतो, पण ते एकदा झाले की संगणकावर सेकंदाला १६ च्या वेगाने लावून चित्र पाहता येतं, आणि तेच छापून नवीन रीळ बांधता येतं. फिरवायला ते नवं रीळ वापरा. जुनं आम्लरहित कागदाच्या खोक्यात, कोरड्या जागी, आडवं न टाकता तुंब्यावर तोललेलं ठेवा, म्हणजे कार्डांवर भार येणार नाही.